महाराष्ट्रातील आलिशान सेडान मोटारी

आलिशान सेडान हा चार दरवाजे, बंद छत आणि प्रवासी कक्षापासून वेगळी डिकी असलेल्या प्रवासी मोटारींचा उच्च किमतीचा वर्ग आहे. आसनांची सोय, आतील शांतता, यांत्रिक दर्जा आणि ब्रँडची प्रतिष्ठा ही या वर्गाची मुख्य लक्षणे मानली जातात. भारतात या मोटारींच्या जुळणीचा प्रारंभ महाराष्ट्रात झाला आणि आजही पुणे जिल्ह्यातील चाकण व छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा ही तिची महत्त्वाची केंद्रे आहेत. युरोपात ही मोटार बहुधा मालक स्वतः चालवतो; महाराष्ट्रात मालक मागच्या आसनावर बसण्याची रीत मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यामुळे येथे या मोटारींची तुलना करताना मागील आसनाचा आराम, करांसह पडणारी एकूण किंमत आणि स्थानिक रस्त्यांवरील उपयुक्तता हे तीन निकष निर्णायक ठरतात.

इतिहास

डाइम्लर-बेंझ आणि टेल्को (आताची टाटा मोटर्स) यांचे सहकार्य १९५४ साली मालमोटारींच्या निर्मितीपासून सुरू झाले व १९६९ पर्यंत चालले. प्रवासी मोटारींच्या बाबतीत मात्र परवाना पद्धती आणि चढे आयातशुल्क यांमुळे १९९० च्या दशकापर्यंत परदेशी बनावटीची सेडान ही मोजक्या लोकांच्याच आवाक्यात होती. अ‍ॅम्बॅसेडर, कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि नंतरची काँटेसा यांच्यापलीकडे भारतीय ग्राहकाला फारसा पर्याय नव्हता.

उदारीकरणानंतर १९९४ मध्ये डाइम्लर-बेंझ व टेल्को यांनी संयुक्त कंपनी स्थापन केली. १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी-चिंचवड येथील आवारात डब्ल्यू१२४ श्रेणीच्या ई-क्लास मोटारीची जुळणी सुरू झाली. पुढे कंपनीने चाकण येथे स्वतंत्र कारखाना उभारला. त्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. स्कोडा कंपनीने २००१ मध्ये शेंद्रा येथे उत्पादन सुरू केले. सुपर्ब या तिच्या मोठ्या सेडानची जुळणी तेथेच होत असे व ती २०२३ मध्ये थांबली. ऑडीच्या ए६ व ए४ या सेडानही शेंद्रा येथेच जोडल्या जाऊ लागल्या. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ आपला कारखाना सुरू केला.

आरामाचे निकष

मागील आसनावर पाय पसरण्यास मिळणारी जागा मुख्यतः व्हीलबेसवर, म्हणजे पुढील व मागील आसांमधील अंतरावर अवलंबून असते. मर्सिडीज-बेंझने २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची ई-क्लास भारतात आणली. नेहमीच्या ई-क्लासपेक्षा तिचा व्हीलबेस १४० मिलिमीटरने अधिक होता आणि ही सर्व वाढ मागील प्रवाशाच्या वाट्याला आली. बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये ३ मालिकेची ११० मिलिमीटरने लांब आवृत्ती, तर २०२४ मध्ये ५ मालिकेची लांब आवृत्ती सादर केली.

व्हीलबेस हाच एकमेव निकष नाही. लेक्सस ईएससारख्या पुढील चाकांना गती देणाऱ्या मोटारीत इंजिन आडवे बसवलेले असते. ते लांबीची कमी जागा व्यापत असल्याने तुलनेने आखूड व्हीलबेस असूनही प्रवासी कक्ष प्रशस्त राहतो. याउलट मागील चाकांना गती देणाऱ्या मोटारींत गतिवाहक दांडा मधून जातो. त्यामुळे मागील तळाच्या मध्यभागी उंचवटा येतो व तिसऱ्या प्रवाशाची गैरसोय होते.

धक्के शोषून घेण्याची क्षमता सस्पेन्शन व टायर या दोहोंवर ठरते. एस-क्लास आणि बीएमडब्ल्यू ७ मालिका या वरच्या श्रेणीतील मोटारींत हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन असते. ते भार बदलला तरी मोटारीची उंची कायम राखते; मात्र त्याची दुरुस्ती पोलादी स्प्रिंगच्या तुलनेत बरीच महाग असते. मोठी चाके व कमी उंचीच्या बाजूभिंतींचे टायर दिसण्यास आकर्षक असले, तरी खड्ड्याचा धक्का ते कमी प्रमाणात शोषतात आणि रिम वाकण्याची शक्यता वाढवतात. काही मोटारींत स्टेपनीऐवजी पंक्चरनंतरही मर्यादित अंतर धावणारे रन-फ्लॅट टायर दिलेले असतात. त्यांच्या बाजूभिंती कडक असल्याने खराब रस्त्यावर प्रवास अधिक खडबडीत वाटतो.

सुरक्षिततेचा विचार आरामापासून वेगळा करता येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ती मोटार सेडान नसून एसयूव्ही प्रकारातील होती. परंतु मागील आसनावरील प्रवाशांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितल्यामुळे मागील प्रवाशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशभर चर्चेत आला. मागील आसनावर सीटबेल्ट लावण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यापूर्वीपासूनच होती.

प्रमुख मोटारींची तुलना

पुढील कोष्टकात भारतात जुळणी झालेल्या काही सेडान मोटारींची मापे दिली आहेत. कंसातील वर्ष संबंधित आवृत्ती भारतात आल्याचे किंवा तिची जुळणी भारतात सुरू झाल्याचे आहे.

| मोटार | लांबी (मिमी) | व्हीलबेस (मिमी) | गती मिळणारी चाके | जुळणीचे ठिकाण |
|---|---|---|---|---|
| मर्सिडीज-बेंझ सी-क्लास (२०२२) | ४७५१ | २८६५ | मागील | चाकण |
| मर्सिडीज-बेंझ ई-क्लास, लांब व्हीलबेस (२०२४) | ५०९२ | ३०९४ | मागील | चाकण |
| बीएमडब्ल्यू ५ मालिका, लांब व्हीलबेस (२०२४) | ५१६५ | ३१०५ | मागील | चेन्नई |
| ऑडी ए६ (२०१९) | ४९३९ | २९२४ | पुढील | छत्रपती संभाजीनगर |
| लेक्सस ईएस ३००एच (२०२०) | ४९७५ | २८७० | पुढील | बिदादी (कर्नाटक) |

ई-क्लास व ५ मालिका या दोन्ही मोटारी मागील प्रवाशाला केंद्रस्थानी ठेवून बनवलेल्या आहेत. सादरीकरणाच्या वेळी ५ मालिकेची एक्स-शोरूम किंमत ७२.९ लाख रुपये, तर ई-क्लासची प्रारंभिक किंमत ७८.५ लाख रुपये होती. ई-क्लासमध्ये डिझेल इंजिनाचा पर्याय कायम ठेवण्यात आला. भारत स्टेज ६ मानके एप्रिल २०२० मध्ये लागू झाल्यावर ऑडीने भारतात डिझेल मोटारी बंद केल्या. त्यामुळे महिन्याला मोठे अंतर कापणाऱ्या ग्राहकांपुढील पर्याय कमी झाले. लेक्सस ईएस ही संकरित, म्हणजे पेट्रोल इंजिन व विद्युत मोटर एकत्र वापरणारी सेडान आहे. शहरातील कमी वेगाच्या वाहतुकीत तिचे इंजिन अनेकदा बंद राहते, त्यामुळे इंधन वाचते व आवाजही कमी होतो.

किंमत आणि मूल्य

आलिशान सेडानच्या किमतीचा मोठा भाग करांचा असतो. पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या महाग मोटारींवरील एकूण आयातशुल्क शंभर टक्क्यांहून अधिक आहे. इंजिन व गिअरबॉक्स आधी न जोडता सुट्या भागांच्या संचातून आणलेल्या मोटारींवर ते बरेच कमी पडते. चाकण, शेंद्रा किंवा चेन्नई येथे जुळणी करण्यामागील हे प्रमुख आर्थिक कारण होय.

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. मोठ्या सेडानवर २८ टक्के कर व उपकर मिळून सप्टेंबर २०१७ पासून एकूण ४८ टक्के, तर एसयूव्हींवर ५० टक्के भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन दोन्ही प्रकारांसाठी ४० टक्के हा एकच दर लागू झाला. विद्युत मोटारींवरील दर ५ टक्केच राहिला. नव्या दराने ७५ लाख रुपये एक्स-शोरूम किंमत असलेल्या पेट्रोल सेडानमध्ये सुमारे २१.४ लाख रुपये हा वस्तू व सेवा कर असतो.

यावर राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर लागतो. महाराष्ट्रात २० लाखांहून अधिक किमतीच्या, व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीवर तो १३ टक्के व डिझेल मोटारीवर १५ टक्के आहे. कंपनीच्या नावावरील मोटारीवर २० टक्के. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. वरील उदाहरणातील मोटार व्यक्तीने घेतल्यास सुमारे पावणेदहा लाख, तर कंपनीने घेतल्यास सुमारे १५ लाख रुपये कर पडतो. तरीही अनेक उद्योजक कंपनीच्या नावाने खरेदी करतात, कारण आयकराच्या हिशेबात मोटारीवर दरवर्षी १५ टक्के घसारा दाखवता येतो.

मूल्याचा दुसरा घटक म्हणजे किमतीतील घट. मोटार विम्याच्या प्रचलित श्रेणीनुसार विमा उतरवताना धरायचे मोटारीचे मूल्य पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ३० टक्के आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के कमी धरले जाते. ७५ लाखांच्या मोटारीचे विमामूल्य याप्रमाणे पाच वर्षांत साडेसदतीस लाखांवर येते. विक्रीची प्रत्यक्ष किंमत देखभालीचा इतिहास, धावलेले अंतर आणि हमीचा उरलेला काळ यांनुसार बदलते. जुनी आलिशान सेडान नव्या मध्यम मोटारीच्या किमतीत मिळू शकते; परंतु सुटे भाग व दुरुस्ती यांचा खर्च मूळ किमतीच्याच पातळीवर राहतो, ही बाब खरेदीदाराच्या लक्षात अनेकदा उशिरा येते.

सामूहिक खरेदी आणि कर्जाचा प्रश्न

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील उद्योजक व व्यावसायिकांच्या गटाने एकाच दिवशी १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या या व्यवहाराची दखल देशातील माध्यमांनी घेतली. शहराची क्रयशक्ती उद्योगजगताच्या नजरेस आणणे हा त्यामागील एक हेतू होता. मुंबई-पुण्याबाहेरील शहरांतही आलिशान मोटारींना मोठी बाजारपेठ आहे, हे या खरेदीने दाखवून दिले.

त्याच व्यवहारावर टीकाही झाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये ‘द हिंदू’ या दैनिकातील लेखात या मोटारींसाठी मिळालेल्या बँक कर्जाची तुलना ट्रॅक्टरच्या कर्जाशी केली. मोटारींसाठीचे कर्ज ७ टक्के व्याजाने देण्यात आले होते, तर मराठवाड्यातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून बराच अधिक दर मोजावा लागत होता. मोठ्या संख्येने एकत्र आलेल्या व परतफेडीची क्षमता असलेल्या ग्राहकांना बँका सवलत देतात, हे या दरामागील व्यावसायिक कारण मानले जाते. उत्पन्नाचे साधन असलेल्या वाहनाला चैनीच्या वाहनापेक्षा महाग कर्ज मिळावे का, हा साईनाथ यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र ग्रामीण पतपुरवठ्याच्या चर्चेत नंतरही उद्धृत होत राहिला.

अहिल्यानगर जिल्हा व देवळाली प्रवरा परिसर

अहिल्यानगर जिल्हा चाकण व शेंद्रा या दोन जुळणी केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात येतो. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना अहिल्यानगर येथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाबरोबर तिचाही समावेश होतो.

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे नगरपरिषदेचे गाव ऊस व साखर कारखानदारीच्या पट्ट्यात आहे. येथील वाहनांची नोंदणी श्रीरामपूर कार्यालयाच्या एमएच-१७ या क्रमांकाखाली होते. बहुतेक आलिशान ब्रँडची अधिकृत सेवा केंद्रे पुणे, नाशिक व छत्रपती संभाजीनगर येथे असल्याने सर्व्हिसिंगसाठी एका बाजूने सुमारे शंभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक प्रवास करावा लागतो. मोठ्या शहरातील ग्राहकाच्या हिशेबात हा खर्च नसतो.

रस्त्यांचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. अहिल्यानगर–मनमाड महामार्गाच्या दुरवस्थेवरून या भागात वेळोवेळी आंदोलने झाली आहेत. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या याच रस्त्यांवरून जातात. मागे परावर्तक नसलेली ट्रॉली रात्री दुरून दिसत नाही. त्यामुळे येथे प्रभावी हेडलाइट आणि ब्रेक यांचे महत्त्व आसनांच्या चामड्यापेक्षा अधिक ठरते.

लांब व्हीलबेसची सेडान गतिरोधकावर का घासते, याचे कारण भौमितिक आहे. पुढील व मागील चाके उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना असताना मोटारीचा मधला तळ त्याच्या माथ्यावर येतो. जमिनीपासूनची उंची समान असल्यास व्हीलबेस जितका लांब तितका उतरणीचा सामावला जाणारा कोन लहान होतो. उदाहरणार्थ, तळ जमिनीपासून १४० मिलिमीटर उंच असल्यास २८५० मिलिमीटर व्हीलबेससाठी हा कोन सुमारे ११.२ अंश, तर ३०९४ मिलिमीटरसाठी सुमारे १०.३ अंश येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. त्यावरून मोटार सावकाश नेल्यास सहसा अडचण येत नाही. गावोगावी घातलेले अरुंद व उभट गतिरोधक या मापात बसत नाहीत. अशा प्रकारे मागील प्रवाशाला आराम देणारी लांबीच ग्रामीण रस्त्यावर मोटारीची मर्यादा बनते.

बाजारपेठेतील स्थान

२०२४ मध्ये भारतात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यांत आलिशान मोटारींचा वाटा एक टक्क्याच्या आसपास होता. त्या वर्षी मर्सिडीज-बेंझने १९,५६५, बीएमडब्ल्यू समूहाने मिनीसह १५,७२१ आणि ऑडीने ५,८१६ मोटारी विकल्या. या आकड्यांत सेडानबरोबर एसयूव्हींचाही समावेश आहे. एकेकाळी या वर्गाची ओळख असलेली सेडान आता विक्रीत एसयूव्हीच्या मागे पडली आहे. जमिनीपासून अधिक उंची, चढ-उताराची सुलभता आणि खराब रस्त्यांवरील निर्धास्तपणा ही त्याची कारणे आहेत. ज्येष्ठ प्रवाशांना सेडानमध्ये खाली वाकून बसावे लागते, हाही एक घटक आहे.

असे असले तरी लांब व्हीलबेसची ई-क्लास ही भारतातील सर्वाधिक खपाच्या आलिशान मोटारींपैकी एक राहिली आहे. कमी उंचीमुळे वळणावर सेडान कमी कलते, हवेचा रोध कमी असल्याने वेगात तिच्या आत शांतता अधिक असते, आणि वेगळ्या डिकीमुळे सामानाचा आवाज व वास प्रवासी कक्षात येत नाही. त्यामुळे मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांसारख्या सपाट व वेगवान रस्त्यांवर नियमित प्रवास करणाऱ्यांसाठी सेडान अधिक आरामदायी ठरते. गावरस्ते व महामार्ग असा मिश्र प्रवास करणाऱ्यांसाठी आखूड व्हीलबेसची सेडान किंवा एसयूव्ही अधिक सोयीची मानली जाते.