रजा, सुट्टी आणि लग्नगडी

मराठीत कामापासून मोकळीक मिळण्यासाठी दोन शब्द आहेत आणि ते आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. 'सुट्टी' हा शब्द 'सुटणे' या क्रियेशी नाते सांगतो. बांधलेले सुटते, शाळा सुटते, गिरणी सुटते. 'रजा' मात्र अरबी-फारसीतून आलेली आहे आणि तिचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी असा आहे. म्हणजे सुट्टी होते, तर रजा द्यावी लागते. सुट्टीत सुटणाऱ्याचा विचार आहे, रजेत देणाऱ्याचा. हा भेद केवळ व्युत्पत्तीचा आहे असे आम्हांला पूर्वी वाटत असे. एका विद्यार्थ्याच्या लग्नामुळे तो इतिहासाचाही आहे हे ध्यानी आले.

हा विद्यार्थी खालापूर तालुक्यातील कुंभिवलीचा. बहिःस्थ पद्धतीने मराठीत एम. ए. करणारा आणि दिवसा जवळच्याच एका कारखान्यात कंत्राटदाराकडून काम करणारा. लग्न ठरल्यावर तो आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला. 'विषय : लग्नासाठी आठ दिवसांची रजा मिळणेबाबत' येथून 'आपला आज्ञाधारक' येथपर्यंत आम्ही शालेय पुस्तकाला शोभेलसा अर्ज सिद्ध केला. दोन दिवसांनी तो अर्ज तसाच परत घेऊन आला. कंत्राटदाराच्या माणसाने सांगितले होते की, अर्जाची गरज नाही; खुशाल जा, आल्यावर जागा असली तर बघू. त्याला रजा नाकारली गेली नव्हती. रजा मागण्याजोगे त्याचे नातेच कोणी मान्य केले नव्हते. लग्नाच्या रजेचा विचार करताना आम्हांला या प्रसंगापासूनच आरंभ करणे अगत्याचे वाटते.

कुंभिवली हा मुळात भातशेतीचा मुलूख. या मुलखात लग्नासाठी रजा मागण्याचा प्रश्न शेतकऱ्यापुढे फारसा उभा राहत नसे, कारण ती पंचांगातच लिहिलेली होती. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि मुहूर्त थांबतात. त्याच काळात लावणी, बेणणी आणि पुढे कापणी उरकायची असते. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते, तोवर भात खळ्यावर आलेले असते. मग राब भाजण्याची कामे सांभाळून वैशाख-ज्येष्ठापर्यंत मांडव पडत राहतात. देवकार्य, हळद, वरात, मांडवपरतणे हे सारे चार-सहा दिवसांचे विधी अशा काळात बसवलेले की, शेताचे नुकसान होऊ नये. धर्मशास्त्राने यामागे देवांची निद्रा पाहिली. शेतकऱ्याच्या व्यवहाराला त्यात कामाचे वेळापत्रकही सापडले. येथे मोकळीक होती ती सुट्टीच्या जातीची होती, रजेच्या नव्हे.

अर्थात, ज्याच्याकडे स्वतःचे शेत होते त्याचे हे झाले. ज्याच्याकडे शेत नव्हते त्याचे लग्न कोणत्या पंचांगाने लागत होते? या प्रश्नाचे उत्तर १८८० च्या दशकातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत मिळते. कर्जत तालुका आणि त्यातला खालापूरचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे; तो पुढे कुलाब्यात गेला आणि कुलाब्याचे १९८१ मध्ये रायगड झाले. त्या गॅझेटियरांत जिल्ह्याच्या सावकारीची माहिती देताना श्रम गहाण टाकण्याची पद्धत नोंदवलेली आढळते. जमीन आणि दागिना यांच्याप्रमाणेच माणसाची पुढची वर्षे गहाण पडत, आणि त्याचे एक नेहमीचे कारण असे लग्नाचा खर्च.

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात, या व्यवहाराला स्वतंत्र नाव होते : लग्नगडी. अंशतः वर्जित क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाअखेर जो अहवाल दिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. कर्जत-खालापूर त्या अहवालाच्या कक्षेत नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. गोदावरी परुळेकर यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथामुळे हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेई आणि त्याच्या फेडीसाठी मालकाकडे राबू लागे. हिशेब मालकाच्या वहीत असल्यामुळे कर्ज कधी फिटले हे ठरवणाराही तोच. नवऱ्याबरोबर नवरीही मालकाच्या कामाला जुंपली जाई आणि तिच्या देहावरही मालकाची सत्ता चाले.

'गडी' या शब्दाला मराठीत दोन छटा आहेत. एक घरचा गडी, म्हणजे नोकर. दुसरा खेळगडी, म्हणजे सोबती. लग्न हा खरे तर दुसऱ्या अर्थाचा गडी मिळण्याचा प्रसंग. या सामासिक शब्दाने मात्र लग्नाला पहिल्या अर्थाशी बांधले. आजचा नोकरदार लग्नासाठी कामातून आठ दिवस मागतो. लग्नगड्याने लग्नाच्या आठ दिवसांसाठी कामाला आयुष्य दिले. रजेचा हा पूर्ण उलटा व्यवहार आहे. म्हणूनच लग्नाच्या रजेचा इतिहास कारखान्यापासून सुरू न करता येथूनच सुरू करावा असे आमचे मत आहे. माणसाचा वेळ कोणाच्या मालकीचा हा प्रश्न येथे जितका उघडा पडतो, तितका कोणत्याही हजेरीपुस्तकात पडत नाही.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली. तेथून परतलेल्या वारल्यांनी त्याच वर्षी वेठबिगार आणि लग्नगडी या दोन्ही पद्धतींविरुद्ध लढा पुकारला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांचा बळी गेला. लग्नगड्यांची सुटका मात्र होत गेली. येथे 'सुटका' हा शब्द आपोआप येतो, 'रजा' येत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच काळात, याच प्रदेशातून रेल्वेने जोडलेल्या मुंबईत, गिरणी कामगारांचा रजेशी निराळा झगडा चालू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. परंतु कोकणातल्या गावी लग्नाला जायचे तर रविवार पुरत नाही. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या रॉयल कमिशनने नोंदवले की, कामगार गावी जातो आणि परतल्यावर त्याला आपली जागा मिळेलच याची खात्री नसते. ती मिळवण्यासाठी जॉबरचे हात ओले करावे लागतात. शेती, सणवार, लग्नकार्य यांसाठी जाणारा कामगार मालकाच्या दृष्टीने 'गैरहजर' असे. त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली ती जॉबरच्या या सत्तेला आळा घालण्यासाठीच. एकाचे लग्न हा दुसऱ्याचा रोजगार होता. आमच्या विद्यार्थ्याला मिळालेले 'आल्यावर जागा असली तर बघू' हे उत्तर किती जुने आहे, हे यावरून कळून येईल.

पगारी रजेचा कायदा भारतात आला तो योगायोगाने वारल्यांच्या लढ्याच्याच वर्षी. १९४५ च्या दुरुस्तीने, वर्षभर सलग नोकरी केलेल्या प्रौढ कारखाना कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळू लागली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात ७९ वे कलम आले. वर्षात २४० दिवस काम भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस, हे त्याचे रूप कामगारांच्या तोंडपाठ झाले. रजेसाठी पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करावा आणि ती वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा विभागून घेऊ नये, असेही त्यात होते. आजारपणाला पंधरा दिवसांच्या अटीतून सूट होती. लग्नाचा उल्लेख नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा २०२० च्या नव्या संहितेने घेतली आणि २४० दिवसांची अट १८० वर आली. लग्नाचा उल्लेख तिच्या या तरतुदीतही नाही.

या अनुल्लेखाविषयी तक्रार करण्याचे कारण नाही, असे आम्हांला वाटते. कायद्याने रजेचे कारण विचारू नये यातच कामगाराची प्रतिष्ठा आहे. मिळवलेले दिवस त्याने लग्नासाठी वापरावेत, लावणीसाठी वापरावेत, वा नुसते झोपून काढावेत. अडचण दुसरीकडे आहे. सरकारी नोकरांसाठी असलेल्या १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांत एक वाक्यार्थ आम्हां प्राध्यापकांनाही चांगला परिचित आहे : रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. अर्जित रजा, म्हणजे कमावलेली रजा, तीही मागावीच लागते. शब्दाने आपला अरबी-फारसी अर्थ सोडलेला नाही. आम्ही आमची लग्ने मे महिन्यात केली आणि या पेचातून सुटलो, कारण महाविद्यालयाची दीर्घ सुट्टी ही शेतकऱ्याच्या पंचांगासारखीच आयती असते.

लग्नाच्या रजेला पुढे 'मधुचंद्र' हे दुसरे कारण जोडले गेले. हा शब्द इंग्रजी 'हनीमून'चा शब्दशः अनुवाद आहे, हे सांगायला नकोच. १९६७ मध्ये राजदत्त यांचा 'मधुचंद्र' हा चित्रपट आला तोवर मध्यमवर्गाला तो शब्द परका राहिला नव्हता. जुन्या विवाहविधींत नवे जोडपे दोन घरांमध्ये ये-जा करते. मधुचंद्रात ते दोन्ही घरांपासून दूर जाते. घराच्या नजरेतून सुटण्याची ही सोय होती, पण तिच्यासाठी कामाच्या मालकाची रजा आवश्यक झाली. एकत्र कुटुंबाकडून मिळालेले स्वातंत्र्य आणि कचेरीकडून मिळालेली परवानगी अशी ही जोडगोळी आहे.

कुंभिवलीच्या एका अंगाला खंडाळा-लोणावळा आहे, दुसऱ्या अंगाला माथेरान. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी मधुचंद्रांची ही ठिकाणे. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांच्या पाहण्यात आले आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर गेली. वाहनांना बंदी असल्याने तेथे माणूस घोड्यावरून, पायी किंवा हातरिक्षात बसून फिरत असे. नवविवाहितांची रिक्षा चढावर ओढणाऱ्या माणसाचा मधुचंद्र कोठे झाला असेल, हा प्रश्न आम्हीही आमच्या तरुणपणी विचारला नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. एकाची रजा दुसऱ्याच्या श्रमावर उभी असते हे सर्वत्रच खरे आहे; माथेरानात ते डोळ्यांना दिसत होते इतकेच.

लग्नगडी ही संपलेली गोष्ट आहे का? १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने अशी सारी कर्जे रद्द ठरवली. त्याच्या व्याख्येत रूढीने किंवा सामाजिक बंधनाने आलेल्या दायित्वापोटी केलेले सक्तीचे श्रमही येतात. देशभरच्या अनेक पद्धतींची नावे त्या अधिनियमात गोवलेली आहेत. दक्षिण गुजरातेतला 'हाली' तेथे आहे. 'लग्नगडी' हा शब्द नाही. तो नसल्याने कायद्याची कक्षा आक्रसत नाही, परंतु शब्दांवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याची अनुपस्थिती बोचते. नाव नसलेली गोष्ट लवकर विसरली जाते.

ती विसरू नये याचे कारण समोरच आहे. रायगडातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. जाण्याआधी मालकाकडून 'उचल' घेतली जाते. आजारपण, घरदुरुस्ती आणि लग्न ही तिची नेहमीची कारणे. पंचांगातला लग्नाचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच आहे. शेतकऱ्यासाठी जो काळ मोकळा, तोच यांच्यासाठी बांधलेला. शिवाय भट्टीवर कामाचा हिशेब कुटुंबाचा असतो. मराठवाड्यातील ऊसतोडणीत तर नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' असेच म्हणतात आणि उचल त्या कोयत्याच्या नावे मिळते. तेथे लग्नाने कामगाराला रजा मिळत नाही. लग्नाने कामगार पुरा होतो.

आमच्या विद्यार्थ्याचे लग्न झाले. हळदीला आम्ही कुंभिवलीस गेलो होतो. मांडवात कारखान्यातले त्याचे सोबती रात्रपाळी चुकवून आले होते आणि पहाटे पुन्हा पाळीला जाणार होते. चौथ्या दिवशी तो कामावर गेला तेव्हा त्याची जागा भरली गेली होती. महिनाभराने दुसऱ्या कंत्राटदाराकडे त्याला काम मिळाले. पुन्हा पहिल्या दिवसापासून हजेरी, म्हणजे रजेच्या हिशेबाचीही पहिल्यापासून मोजणी. कंत्राटदारामार्फत लावलेला कामगारही कायद्याच्या व्याख्येत कामगारच होता, हे आम्ही त्याला अभ्यासपूर्वक समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

त्याचा तो अर्ज अजून आमच्याजवळ आहे. उपयोजित मराठीच्या तासाला विनंतिअर्ज शिकवताना आम्ही हल्ली तो वर्गात वाचून दाखवतो आणि विद्यार्थ्यांना विचारतो की, यातील 'कृपया' हा शब्द ठेवावा की काढावा. वर्गाची मते विभागतात. नोकरी करणारे विद्यार्थी बहुधा म्हणतात, ठेवा सर, उगाच कशाला. या उत्तरात ठाण्याच्या गॅझेटियरपासून कंत्राटदाराच्या माणसापर्यंतचा सारा इतिहास आहे, आणि व्याकरणाच्या पुस्तकातून तो शिकवता येत नाही.