परमुलखातील आतषबाजी आणि पर्वतीखालची दारूची लंका

आतषबाजी, म्हणजेच शोभेचे दारूकाम, ही क्षणात संपणारी कला असल्याने तिचा इतिहास पाहणाऱ्यांच्या नोंदींवर अवलंबून राहतो, आणि भारतातील अशा जुन्या नोंदींपैकी बऱ्याच नोंदी आपल्या मुलखापासून दूर आलेल्या प्रेक्षकांच्या आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा मागोवा घेणारा प्रबंध १९५३ साली प्रसिद्ध केला, आणि त्यात विखुरलेल्या अशा साक्षी एकत्र आल्या.

त्यांपैकी एक प्रारंभीची साक्ष हेरातच्या सुलतान शाहरुखाचा वकील अब्दुर रझ्झाक याची आहे. दुसऱ्या देवरायाच्या विजयनगरात १४४३ साली महानवमीचा उत्सव पाहताना त्याने दारूकामाचीही नोंद केली, मात्र त्याचे प्रकार इतके होते की ते सर्व सांगायचे तर फार विस्तार करावा लागेल, असे म्हणून त्याने तो विषय आवरता घेतला. मराठीत पैठणच्या एकनाथांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त हवई, सुमनमाळा, चिचुंदरी, भुईनळा अशी दारूकामाची नावे येतात. कृष्णकथेच्या काळात बंदुकीची दारू असणे शक्य नसल्याने, कवीने आपल्या काळातील लग्नसोहळ्याची रीत पुराणकथेत घातली, असेच या उल्लेखांवरून मानावे लागते. साहित्य कोणते लागत असे, हे ओरिसाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव (राज्यकाल १४९७ ते १५४०) याच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथातून समजते; त्यातील कृतींत गंधक, सोरा, कोळसा आणि लोखंडाचा कीस यांचे मिश्रण वेळूच्या नळ्यांत भरण्यास सांगितले आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग ‘पेशव्यांची बखर’ या ग्रंथात आहे. महादजी शिंदे यांनी सवाई माधवराव पेशव्यांना राजपुतान्यातील कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले: चार दिवस लाखो दिवे लागतात, आणि कोट्याचा राजा शहराबाहेर ‘दारूची लंका’ उभारतो, जिच्यात मध्यभागी रावण, भोवती राक्षस व वानर आणि एक मोठा हनुमान अशा दारूच्या मूर्ती असतात, हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो हवेत उडून लंकेतील घरे पेटवत जातो. हे ऐकून पेशव्यांनी तसाच खेळ पुण्यात करण्याची आज्ञा केली, पंधरा दिवसांत पर्वतीच्या पायथ्याशी लंका सिद्ध झाली, आणि अंधाऱ्या रात्री पेशवे, सरदार व पुणेकर यांनी ती टेकडीवरून पाहिली.

ही बखर कृष्णाजी विनायक सोहनी यांनी पेशवाई बुडाल्यानंतर लिहिली असल्याने तिचा प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. तथापि महादजी बारा वर्षांच्या उत्तरेतील कारभारानंतर १७९२ च्या जूनमध्ये पुण्यास आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले, तेव्हा प्रसंग खरा असल्यास तो या वीस महिन्यांतलाच असला पाहिजे. शिवाय दूरच्या संस्थानातील उत्सव एका प्रेक्षकाच्या तोंडून राजधानीत पोहोचतो आणि तेथे नव्याने उभा राहतो, हा प्रथांच्या प्रवासाचा मार्ग या कथेत स्पष्ट दिसतो.

वर्णन करणाऱ्या प्रवाशाचे हे काम पुढे बरेचसे कॅमेऱ्याकडे गेले. आतषबाजी टिपताना कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून त्याची झडप काही सेकंद उघडी ठेवतात, त्यामुळे प्रत्येक ठिणगीची वाट रेषेच्या रूपाने उमटते, आणि एकामागून एक फुटलेले बाण एकाच चित्रात शेजारी दिसतात, जे डोळ्यांना कधीच एकत्र दिसलेले नसतात. पण खेळ कोणाच्या आज्ञेने झाला, तयारीला किती दिवस लागले, लोक कोठून पाहत होते, हे बखरीने सांगितलेले तपशील केवळ अशा चित्रावरून कळत नाहीत. परगावी उत्सव पाहून त्याची छायाचित्रे जपणाऱ्यांनी त्यांखाली स्थळ, तिथी, प्रसंग आणि दारूकाम करणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे, कारण पुढच्या इतिहासकाराला त्या चित्राचा उपयोग या चार गोष्टींवरच ठरणार आहे.