धुळ्याची वसाहत: वारसा आणि निवारा

१८१९ साली धुळ्याची वस्ती अवघी २,५०९ माणसांची होती, आणि घरे होती ४०१. आदल्याच वर्षी खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. नव्या जिल्ह्याचे ठाणे म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठचे हे लहानसे गाव निवडले. कचेऱ्यांसाठी त्याने मंजुरी मिळविली, लांबलांबचे कारागीर आणविले, आणि येथे येऊन राहू इच्छिणाऱ्यांस घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. इतकेच नव्हे, तर पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांस आणि परक्यांसही आगाऊ रकमा दिल्या.

यात दयाबुद्धी होती असे आम्ही मानीत नाही. भिल्लांवर फौज धाडणारे सरकारही हेच. महसूल हवा तर बाजार हवा; बाजार भरावयाचा तर व्यापारी व कारागीर हवेत; आणि त्यांनी टिकून राहावे तर डोक्यावर छप्पर हवे, असा तो रोखठोक हिशेब होता. पण हिशेब बरोबर ठरला. १८६२ साली येथे नगरपालिका झाली, आणि १८७२ पर्यंत वस्ती १२,४८९ वर गेली. नव्या धुळ्याचे रस्ते सरळ आखले गेले. जुन्या धुळ्यातील घरे मात्र वेडीवाकडी आणि बहुतेक गरिबाचीच राहिली. आगाऊ रक्कम पक्के घर बांधण्याची ऐपत असलेल्याच्या हाती पडली, मजुराच्या नव्हे, असा अर्थ आम्ही त्यातून काढतो.

तेव्हा आपल्या गावाचा वारसा म्हणजे केवळ सागवानी खांब आणि कोरीव दरवाजे नव्हेत. जागा कोणास द्यावी, कोणत्या अटीवर द्यावी, याविषयीचा एक निर्णय हाही आपला वारसाच आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले, आणि त्यांचे संशोधन पुढे चालविण्यास १९२७ साली येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. कागद जपावयास धुळेकर चुकले नाहीत. घरे जपणे अधिक अवघड, कारण घरांत माणसे राहतात.

जुने घर पडते ते बहुधा पैशाअभावी. भाडे जुन्या दराचे, म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही. भाडेकरू करीत नाही, कारण घर त्याचे नव्हे. मुंबईत या कोंडीवर १९६९ च्या कायद्याने उपाय काढला: जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवावा आणि मंडळाने दुरुस्ती करावी. ही सोय आपल्यासारख्या गावांस मिळाली नाही. पुढे १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंचे नियम झाले. त्यांत मालकास न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची वाट ठेवली. मालकाची भरपाई झाली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या पदरात मात्र त्यातून काही पडले नाही.

गिरण्यांच्या जमिनींचे उदाहरण आम्हां कामगार चळवळीतील माणसांस विसरता येत नाही. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन नव्याने बांधावयाची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेस, एक तृतीयांश घरांसाठी सरकारी गृहनिर्माण मंडळास, आणि उरलेली मालकास, अशी वाटणी होती. २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचीच व्हावी, असे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. घरांचा आणि मैदानांचा वाटा एका शब्दाने आखडला. चिमणी जाऊन मनोरा उभा राहिला, आणि गिरणगाव राखण्याची व कामगारास घर देण्याची, अशा दोन्ही संधी एकदमच गेल्या.

म्हणून 'वाडा राखावा की गरिबास घर द्यावे' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, असे आमचे म्हणणे आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याचे २२ वे कलम निवासाची जमीन आणि ऐतिहासिक वास्तूंचे जतन या दोन्ही गोष्टींना एकाच विकास आराखड्यात जागा देते. त्याच कायद्याचे १२७ वे कलम सांगते की, राखीव जागा दहा वर्षांत संपादन केली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि तरीही हालचाल झाली नाही तर आरक्षण संपते. गरिबाच्या घराची जागा कित्येकदा अशी भांडण न होता, नुसत्या स्वस्थ बसण्याने हातची जाते.

२००३ पासून धुळ्यास महानगरपालिका आहे, आणि पांझरेपलीकडचे देवपूर तिच्यातच आहे. आराखडा सभेपुढे येईल तेव्हा देवपूरकरांनी दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात: जपावयाच्या वास्तूंची आणि घरांसाठी राखलेल्या जागांची. पहिल्या यादीतील प्रत्येक नावापुढे तेथे राहणाऱ्या भाडेकरूंचे काय होणार ते लिहून मागावे. दुसरीतील प्रत्येक जागेपुढे तिची दहा वर्षे कोणत्या तारखेस भरतात, ते लिहून मागावे. ब्रिग्जने जागा दिल्या त्या सरकारच्या सोयीसाठी. आपली पालिका आपण निवडून देतो. तिने त्या नागरिकांच्या सोयीसाठी द्याव्यात, एवढे मागण्याचा अधिकार आपणांस आहे.