कोडिहो, अर्थात आमचं क्रोटन

दोन वर्षांपूर्वी आईला गुहागरच्या घरातून ठाण्याला आणलं. सोबत दोन ट्रंका, औषधांचा डबा आणि दुधाच्या पिशवीत बांधलेलं क्रोटनचं रोप. गडग्यापाशी वाढलेल्या जुन्या क्रोटनच्या फांदीला पावसाळ्यात तिनं स्वतः गुटी बांधली होती. फांदीची साल गोल सोलायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक आवळायचं आणि मुळं दिसू लागली की फांदी कापून घ्यायची. आईला काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं बरंच गेलंय, जे उरलंय तेही धूसर. गुटी तिनं बोटांच्या अंदाजानं बांधली.

मी ते रोप छानशा कुंडीत लावलं आणि हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवलं. खिडकी लांब, वरून एसीचा झोत. आठवड्याभरात पानं गळायला लागली. तिसऱ्या आठवड्यात कुंडीत नुसती काठी उभी होती. टाकून देऊ म्हटलं, तर आई म्हणाली, "मेलं नाहीये गो ते. नखानं खरवडून बघ. हिरवं आहे का सांग."

हिरवं होतं.

ज्या झाडाला आम्ही लहानपणी 'शोभेचं' म्हणून मोजतही नव्हतो (फूल देवाला चालत नाही, पान भाजीला नाही), त्याच्याविषयी मी त्यानंतर वाचायला लागले. पहिल्याच दिवशी कळलं की क्रोटन हे त्याचं नाव नव्हेच.

ग्रीक भाषेत 'क्रोटन' म्हणजे गोचीड. त्या नावाच्या वंशातल्या झाडांच्या बिया गोचिडीसारख्या दिसतात. आपला जमालगोटा हा त्यातला अस्सल क्रोटन. १७५३ साली लिनियसनं आमच्या गडग्यावरच्या या रंगीत झाडालाही त्याच वंशात घातलं. पुढे, १८२४ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्याला बाहेर काढून 'कोडिएउम' या वेगळ्या वंशात बसवलं. पण तोवर बागवानांच्या तोंडी क्रोटन रुळलं होतं, ते आजही तसंच आहे.

'कोडिएउम' हा शब्द मात्र त्याच्या मुलखातून आलेला आहे. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर या झाडाला 'कोडिहो' म्हणत. ते नाव कागदावर उतरवणारा माणूस म्हणजे गेओर्ग रुम्फ, ग्रंथांवर 'रुम्फियस'. जन्मानं जर्मन, नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची. १६५४ मध्ये तो अंबोन बेटावर पोचला. लवंगेच्या व्यापारासाठी डचांनी ताब्यात ठेवलेलं हे बेट. कंपनीला हिशेब हवे होते. रुम्फला झाडं दिसली. तिथल्या लोकांना विचारून तो प्रत्येकाचं नाव, उपयोग, जागा लिहून घेऊ लागला.

१६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. काचबिंदूच. हे वाचलं तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. स्वयंपाकघरात आई भांडी चाचपून लावत होती.

पुढचं सगळं एका माणसाच्या वाट्याला यावं यावर विश्वास बसत नाही. त्याचं आधीचं लेखन लॅटिनमध्ये होतं. मदतीला मिळालेल्या लेखनिकांना लॅटिन येत नव्हतं, म्हणून आंधळ्या रुम्फनं तोंडी सांगत पुस्तक डचमध्ये नव्यानं सुरू केलं. १६७४ च्या फेब्रुवारीत भूकंप झाला, भिंत कोसळून त्याची बायको आणि एक मुलगी गेली. एका पांढऱ्या ऑर्किडला त्यानं बायकोचं, सुझानाचं, नाव दिलं. १६८७ मध्ये गावाला आग लागली, मूळ चित्रं जळाली. ती पुन्हा काढून घेतली. १६९२ मध्ये हस्तलिखिताचा पहिला भाग हॉलंडला निघाला, तर फ्रेंचांनी जहाजच बुडवलं. बटाव्हियाच्या गव्हर्नर जनरलनं आधी एक नक्कल करून ठेवली होती म्हणून ग्रंथ वाचला. १६९६ मध्ये तो हॉलंडला पोचला. कंपनीनं वाचून पाहिला आणि व्यापाराच्या दृष्टीनं नाजूक माहिती आहे म्हणून दाबून ठेवला. १७०२ मध्ये रुम्फ वारला. 'हर्बेरियम अंबोइनेन्से' छापायला सुरुवात झाली ती १७४१ साली. सुमारे बाराशे वनस्पती, आणि त्यात आमचं कोडिहो.

त्याच्या वाट्याला डोळस अशी सोळा वर्षं त्या बेटावर आली होती. एवढ्या भांडवलावर त्यानं उरलेली बत्तीस वर्षं काढली.

हे झाड घरात कसं आलं, ती गोष्ट मात्र काचेची आहे. नथॅनिएल वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागातला डॉक्टर. कोळशाच्या धुरानं त्याची नेच्याची झाडं मरत. १८२९ मध्ये त्यानं एका बंद बाटलीत ओल्या मातीत पतंगाचा कोश ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. दिवसा पाण्याची वाफ काचेवर जमे, पुन्हा मातीत उतरे. धूर आत नाही, ओल बाहेर नाही. १८३३ मध्ये वॉर्डनं अशा दोन पेट्या जहाजावरून सिडनीला पाठवल्या, झाडं जिवंत पोचली. मग काय, याच पेट्यांतून चहाची रोपं चीनमधून हिमालयात आली, सिंकोना निलगिरीला आला. साम्राज्याला झाडं हलवायची किल्ली सापडली.

१८४५ मध्ये ब्रिटननं काचेवरचा कर उठवला, काचघरं स्वस्त झाली, आणि त्यांत ठेवायला नवलाची झाडं हवी झाली. व्हीच या प्रसिद्ध नर्सरी घराण्यातला जॉन गूल्ड व्हीच १८६५ मध्ये 'क्युरासोआ' या ब्रिटिश युद्धनौकेवरून दक्षिण समुद्रातल्या बेटांवर फिरला आणि क्रोटनचे कितीतरी प्रकार घेऊन परतला. फुलांवाचून रंग, तोही बारमाही! धुरकट शहरातल्या दिवाणखान्यांना आणखी काय हवं होतं?

इथं माझी चूक मला कळली. आपण ज्याला 'इनडोअर प्लांट' म्हणतो, ते झाड काही घरातलं नसतं. थंड देशातल्या लोकांनी त्याच्यासाठी गरम, दमट, उजेडाचं घर बांधलं, म्हणून ते आत राहिलं. आम्ही शिक्का उचलला, पण घर लंडनच्या दिवाणखान्यासारखं केलं: अंधारं, कोरडं, गार. आणि काचघर विसरलो. गडग्यावर त्या झाडाला ऊन, ओल आणि एकच जागा हे सगळं न मागता मिळत होतं.

काठी मी पूर्वेच्या गॅलरीच्या दाराशी आणली. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन तिथं येतं. एसीचा झोत लागत नाही. आईनं बजावलं, आता हलवायचं नाही. क्रोटनला जागा बदललेली सोसत नाही, दर वेळी पानं टाकून ते निषेध नोंदवतं. पाणी घालायच्या आधी आई बोट मातीत पेरभर खुपसते. कोरडं लागलं तरच तांब्या. कुंडी खड्यांच्या ताटलीवर आहे, ताटलीत पाणी, म्हणजे आजूबाजूला ओल राहते आणि मुळं बुडत नाहीत. कोरड्या हवेत पानांखाली कोळी-किडे होतात, डोळ्यांना दिसण्याआधी त्यांची जाळी बोटाला लागते. आई दर रविवारी ओल्या फडक्यानं प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसते. एक काम फक्त मी करते: फांदी छाटणं. चीक पांढरा येतो, कातडी चुरचुरते, तो डोळ्यात जाऊन चालणार नाही.

दीड महिन्यानं शेंड्याला कोंब फुटले. नवी पानं हिरवी-पिवळीच आली. लाल रंग पान जून होताना चढतो, आणि उजेड कमी पडला तर चढतच नाही. आता बारा-तेरा पानं आहेत. रोज सकाळी डोळ्यात थेंब घातल्यावर आई पाच मिनिटं डोळे मिटून दाराशी बसते, मग कुंडीकडे वळते.

"हे खालचं लाल झालं का गो?"

"झालंय. शिरांपाशी अजून पिवळं आहे."

"गडग्यावरच्याचं तसंच होतं," ती म्हणते, आणि पुढच्या पानाला हात लावते.