वऱ्हाडातील फुलांच्या नक्षीचे पत्र्याचे डबे : संग्रह व मूल्यनिर्णय

मराठी घरात भांड्याचे मोल पूर्वापार धातूच्या वजनावर व मोडीच्या किमतीवर ठरत आले आहे. तांब्यापितळेचा हंडा पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो केवळ जिव्हाळ्यामुळे नव्हे. फुटला तरी मोडीत त्याचे पैसे येत. पत्र्याच्या डब्याला मोड जवळजवळ नाहीच. गंज चढला की त्याची रवानगी उकिरड्यावर होई. अशा स्थितीत एखादा डबा साठ-सत्तर वर्षे फडताळात राहिला असेल, तर तो बहुधा त्यावरील गुलाबांच्या वेलबुट्टीमुळे. साधे डबे संख्येने कितीतरी अधिक असले पाहिजेत. पण ते नष्ट झाले. संग्राहकाच्या हाती येणारा पुरावा मुळातच असा एकांगी आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

ही फुले वऱ्हाडातील नव्हेत. पत्र्यावर दगडी छाप्याने रंगीत चित्र उठविण्याच्या यंत्राचे एकस्व रॉबर्ट बार्कले याने इंग्लंडमध्ये १८७५ साली घेतले. तेथील बिस्किटांच्या व चहाच्या डब्यांवरील नक्षी मालाबरोबरच हिंदुस्थानात आली. पुढे जमशेदपूरनजीक गोलमुरी येथे १९२० साली टिनप्लेट कंपनी स्थापन झाली. घासलेटच्या डब्यांना लागणारा पत्रा हे तिच्या उभारणीचे प्रमुख कारण होते. वऱ्हाडातील कापूस ज्या लोहमार्गांनी बाहेर जाई, त्यांनीच हा डबाबंद माल आत येई. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंदमापी गाडी कारंज्यावरूनच जात असे. रिकामा पिपा टाकून देण्याची रीत वऱ्हाडी घरात नव्हती. बिस्किटाच्या डब्यात सांडगे आणि चहाच्या डब्यात हळद हा संसार सर्वांच्या परिचयाचा आहे.

काळ ठरविताना नक्षीचा उपयोग थोडा होतो. एकच गुलाब अनेक वर्षे छापला जाई. सांधा अधिक बोलका असतो. छापील पत्रा सपाट असताना रंगविला जातो व नंतर वळविला जातो. म्हणून सांध्यापाशी, डाग देण्यासाठी, रंगावाचून एक पट्टी सोडलेली आढळते. हाताने रंगविलेल्या डब्यावर रंग सांध्यावरूनही जातो. वजनाचा उल्लेख असल्यास दशमान वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून प्रचारात येऊ लागली हे स्मरावे. किलोग्रॅमचा निर्देश असलेला देशी डबा त्याआधीचा असण्याचा संभव फार थोडा. पत्त्यात पिनकोड असेल तर तो डबा १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

व्यापाऱ्याचा पत्ता आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. वाशिम जिल्हा १९०५ साली अकोला जिल्ह्यात विलीन झाला व १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. ‘वाशिम, जि. अकोला’ असा पत्ता या दोन वर्षांच्या दरम्यानचा मानावा लागतो, आणि ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हा उल्लेख सामान्यतः १९५० पूर्वीचा. सामान्यतः म्हणण्याचे कारण असे की, छापून ठेवलेला माल संपेपर्यंत दुकानदार जुना पत्ता खपवीत असे. नवे नाव खालची मर्यादा निश्चित करते. जुने नाव वरची मर्यादा तितक्या खात्रीने ठरवीत नाही.

पुण्यात दिनकर केळकर यांनी सुमारे १९२० पासून जमविलेल्या संग्रहामुळे स्वयंपाकघरातील वस्तूंना संग्रहालयात मानाचे स्थान मिळाले. तथापि पत्र्याच्या डब्यांचे मोल आज मुख्यतः जुन्या बाजारात ठरते, आणि तेथे चकाकीला भाव आहे. विक्रीपूर्वी डबा राख-चिंचेने घासला जातो. कथिलाचा पातळ थर खरवडला गेला म्हणजे त्याखालचे लोखंड अधिकच वेगाने गंजते. यापेक्षा मोठी हानी म्हणजे आतला मसाल्याचा डाग, झाकणावर खिळ्याने कोरलेले गृहिणीचे नाव आणि चिकटविलेली चिठ्ठी ही सर्व त्या घासणीत नाहीशी होतात. बाजाराच्या दृष्टीने हे दोष आहेत. पण डबा कोणत्या घरात, कोणत्या उपयोगासाठी होता हे सांगणारा दुसरा कागद बहुधा उपलब्ध नसतो. वाशिम, रिसोड वा मंगरुळपीर येथे असा डबा हाती आल्यास तो पुसण्यापूर्वी त्याचे मूळ घर, गाव व देणाऱ्याने सांगितलेला उपयोग टिपून घेणे आवश्यक आहे.