दोरीबद्ध कणांवरील आवेग

दोरीबद्ध कणांवरील आवेग : एखादी प्रेरणा (बल) अत्यल्प काळ कार्य करून पदार्थाच्या गतीत एकाएकी बदल घडविते, तेव्हा त्या काळातील प्रेरणेच्या एकूण परिणामास आवेग म्हणतात. त्याचे मूल्य पदार्थाच्या संवेगात (वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारात) होणाऱ्या बदलाइतके असते. सैल दोरीने जोडलेल्या दोन कणांपैकी एक दूर जाऊ लागल्यास दोरी ताठ होताच दोहोंना हिसका बसतो. या हिसक्याचे गणित पाठ्यपुस्तकांत सोपे वाटते. तथापि ते स्पष्ट होण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

इतिहास : रने देकार्त यांनी विश्वातील गतीचे एकूण परिमाण कायम राहते असे मानले, परंतु गतीची दिशा हिशेबात न घेतल्याने त्यांचे आघातविषयक नियम चुकीचे ठरले. १६६८-६९ मध्ये जॉन वॉलिस, क्रिस्टोफर रेन व क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आघाताचे नवे नियम मांडले व त्यांत दिशेला योग्य स्थान मिळाले. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मधील प्रिन्सिपिया या ग्रंथात दुसरा नियम गतीतील बदलाच्या भाषेत, म्हणजे जवळजवळ आवेगाच्याच रूपात, सांगितला. तिसऱ्या नियमाच्या स्पष्टीकरणासाठी त्यांनी दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचे उदाहरण घेतले : ताणलेला दोर घोड्याला जितका मागे खेचतो, तितकाच दगडाला पुढे खेचतो. झां द आलांबेर यांनी १७४३ मध्ये परस्परांशी जखडलेल्या पदार्थांच्या गतीचा सर्वसाधारण विचार केला. लाझार कार्नो यांनी १७८३ मध्ये अशा आकस्मिक बदलांत किती गतिज ऊर्जा नाहीशी होते, हे दाखविले. संवेग टिकतो, पण यांत्रिक ऊर्जा टिकेलच असे नाही, हा भेद येथे स्पष्ट झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एस. एल. लोनी यांच्या पाठ्यपुस्तकांतून ही उदाहरणे भारतीय महाविद्यालयांत रूढ झाली.

रीत : दोरी वजनरहित व न ताणणारी मानल्यास तिच्या दोन्ही टोकांना समान व विरुद्ध आवेग मिळतात आणि हिसक्यानंतर दोन्ही कणांचे दोरीच्या दिशेतील वेग सारखे होतात. दोरीला लंब असलेला वेगाचा घटक बदलत नाही. हिसक्याच्या क्षणी गुरुत्वाकर्षणासारख्या सांत प्रेरणांचा परिणाम नगण्य धरतात. दोरी केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून उत्तरात ताणाचा आवेग ऋण आल्यास ती दोरी सैल पडली असे समजावे.

लोहमार्गावरील उदाहरण : बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मुंबई-सुरत मार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाला. १९५१ पासून तो पश्चिम रेल्वेत आहे. पालघर व बोईसर ही स्थानके याच मार्गावर असून तारापूर येथील अणुवीज केंद्र (१९६९) व औद्योगिक वसाहत यांना बोईसर हे जवळचे स्थानक आहे. अशा मार्गांवरील जुन्या मालगाड्यांचे डबे आकडे व जोडसाखळ्या यांनी जोडलेले असत आणि जोडण्यांत थोडा सैलपणा राही.

समजा, ८० टनांचे एंजिन सेकंदास ०·५ मी. वेगाने निघाले व त्यामागील २० टनांच्या स्थिर डब्याची साखळी ताठ झाली. एकूण संवेग ४०,००० न्यूटन-सेकंद असल्याने १०० टनांचा समान वेग सेकंदास ०·४ मी. होईल. साखळीतील आवेग ८,००० न्यूटन-सेकंद येतो. गतिज ऊर्जा १०,००० जूलवरून ८,००० जूलवर उतरते. उरलेले २,००० जूल उष्णता, ध्वनी व धातूवरील ताण यांत खर्च होतात. तसाच दुसरा डबा जोडला जाताच वेग सु. ०·३३ मी. होतो; नव्या साखळीत सु. ६,६७० न्यूटन-सेकंद, तर पहिलीत सु. ५,३३० न्यूटन-सेकंद आवेग येतो. म्हणजे एकाच हिसक्यात प्रत्येक साखळीवरील भार वेगळा असतो.

या सैलपणाचा एक लाभ होता : संपूर्ण गाडी एकदम न हलविता एंजिनाला एकेक डबा गतिमान करता येई. धोकाही त्यातच होता. ८,००० न्यूटन-सेकंदांचा आवेग ०·१ सेकंदात दिला गेल्यास सरासरी ओढ ८०,००० न्यूटन असते. तोच ०·०२ सेकंदात दिला गेल्यास ती ४,००,००० न्यूटन होते. अशा झटक्याने साखळी तुटून गाडीचे दोन भाग होऊ शकतात व मागे उरलेले डबे उतारावर घसरू लागतात. यासाठी जोडणीत स्प्रिंगा बसवीत; त्या आवेग कमी करीत नाहीत, त्याचा काळ वाढवितात. पुढे भारतातील मालडब्यांना मध्यवर्ती स्वयंचलित जोडणी बसविण्यात आली. तिच्यात ओढ व धक्का ही दोन्ही कामे एकच यंत्रणा करते.

हेच तत्त्व समुद्रावरही आढळते. पालघर किनाऱ्यावरील सातपाटीसारख्या बंदरांच्या परिसरात एका होडीने दुसरी ओढताना दोर लांब ठेवल्यास त्याचा झोळ लाटांचे हिसके सौम्य करतो. तेव्हा पाठ्यपुस्तकातील न ताणणारी दोरी ही गणिताची सोय होय. प्रत्यक्षात दोर थोडा ताणला जातो, म्हणूनच तो टिकतो.