आदिलशाही विजापूर आणि आपण



आपल्या शिरवळच्या कडेने वाहणारी नीरा आपण सर्वजण रोज पाहतो. तिच्या काठी सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता. आज तेथे बुरुजाच्या अवशेषांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. परंतु १६४८ साली याच ठिकाणी मोठी चकमक झाली. शिवाजी महाराजांच्या वाढत्या हालचालींना आळा घालण्यासाठी विजापूरच्या दरबाराने फत्तेखान या सरदारास पाठविले. त्याच्या फौजेच्या एका तुकडीने सुभानमंगळ घेतला आणि लगेच महाराजांच्या वतीने कावजी मल्हार याने हल्ला करून तो परत जिंकला. शालेय पुस्तकात हा प्रसंग दोन-चार ओळींत आटोपतो.

काही वर्षांपूर्वी हाच भाग मी वर्गात शिकवीत होतो. मागच्या बाकावरील आपल्या समाजाचा एक मुलगा उभा राहिला व त्याने विचारले, "सर, या लढाईत आपण कोणत्या बाजूला होतो?" वर्ग एकदम शांत झाला. काही मुले हसली. मी काय केले म्हणाल, तर "पुढचा धडा काढा" असे सांगून वेळ मारून नेली. शिक्षक म्हणून मला त्या दिवसाची आजही खंत वाटते. त्या मुलाला तेव्हा न दिलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे. पालकांनीही ते वाचावे, कारण हा प्रश्न घराघरांत कधी ना कधी विचारला जातोच.

प्रथम विजापूरचे राज्य कसे निर्माण झाले ते पाहू. दक्षिणेत १३४७ साली गुलबर्गा येथे बहमनी राज्य स्थापन झाले. पुढे त्याची राजधानी बीदरला गेली. तेथील कर्तबगार वजीर महमूद गवान याने मोठा मदरसा बांधला. पण दरबारातील हेव्यादाव्यांतून १४८१ साली त्याला ठार मारण्यात आले आणि त्यानंतर राज्याचे तुकडे पडले. त्यांतील एक तुकडा म्हणजे विजापूर. १४९० च्या सुमारास यूसुफ आदिलखान तेथे स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. हे घराणे १६८६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे टिकले.

विद्यार्थी मित्रांनो, याच काळात तिकडे युरोपात इटलीमध्येही अशीच लहान लहान राज्ये होती. इटली हा एक देश १८६१ साली झाला. त्यापूर्वी तेथे फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, मांतुआ अशी वेगवेगळी राज्ये नांदत होती. त्यांतील मांतुआ आणि आपले विजापूर यांची कहाणी इतकी जुळते की, एक वाचताना दुसरे आठवल्याशिवाय राहत नाही. तळ्यांनी वेढलेल्या मांतुआवर गोंझागा घराणे १३२८ पासून राज्य करीत होते. राज्य लहान, शेजारी बलाढ्य. तलवारीच्या बळावर त्यांच्याशी बरोबरी होणे कठीण, म्हणून या घराण्याने चित्रकार, शिल्पकार, कवी आणि गवई यांना आश्रय देऊन आपले नाव मोठे केले. विजापूरच्या उत्तरेस मोगल, दक्षिणेस विजयनगर आणि पश्चिमेस १५१० साली गोवा बळकावून बसलेले पोर्तुगीज होते. इटलीतील बोलोन्या शहराचा लुडोविको वार्थेमा हा प्रवासी त्याच सुमारास दख्खनमध्ये येऊन गेला आणि त्याचे प्रवासवर्णन १५१० मध्येच रोम येथे छापले गेले. म्हणजे या दोन मुलुखांना एकमेकांची खबर होती.

आता विजापूरच्या कारभाराकडे वळू. पहिला इब्राहिम आदिलशहा १५३४ साली गादीवर आला. त्याने हिशेबाच्या कामात फारसीऐवजी देशी भाषेला स्थान दिले आणि त्यासाठी स्थानिक ब्राह्मण कारकून मोठ्या संख्येने नेमले. आदिलशाहीची अनेक कागदपत्रे फारसी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिलेली सापडतात. याचे कारण सरळ आहे. गावचा पाटील, कुलकर्णी आणि परगण्याचा देशमुख यांच्यावाचून सारा वसूल होत नसे, आणि त्यांना कळेल अशा भाषेत हुकूम दिल्यावाचून तो पाळला जात नसे. जावळीचे मोरे, म्हसवडचे माने, जतचे डफळे, मुधोळचे घोरपडे ही मराठा घराणी याच राज्याच्या चाकरीत वाढली. १६३६ च्या तहात निजामशाही संपल्यावर शहाजीराजे भोसलेही आदिलशाहीचे सरदार झाले. हे राज्य केवळ तख्तावर बसलेल्या घराण्याचे नव्हते. मराठे, ब्राह्मण, दख्खनी मुसलमान, हबशी, इराणी, पठाण अशा अनेकांच्या खांद्यावर ते उभे होते.

सगळेच चित्र गोड होते असे मात्र समजू नये. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला आणि त्या वैभवशाली शहराची भयंकर लूट झाली. त्यात विजापूरचा अली आदिलशहाही होता. विजापूरचा तट आणि जामा मशीद यांचे काम त्यानंतरच्या काळात झाले, हे आपण विसरू नये.

याच अली आदिलशहाची बेगम म्हणजे चांदबिबी. ती अहमदनगरच्या निजामशाही घराण्यातील मुलगी. १५८० मध्ये पतीचा खून झाला, तेव्हा नवा सुलतान दुसरा इब्राहिम अवघा नऊ वर्षांचा होता. कारभाराची जबाबदारी चांदबिबीवर आली. दरबारात मात्र दख्खनी, हबशी आणि परदेशातून आलेले आफाकी असे गट होते आणि प्रत्येकाला सत्ता हवी होती. किश्वरखान नावाच्या सरदाराने तर तिला कैद करून आपल्या सातारच्या किल्ल्यावर पाठविले. सातारा स्टँडवर उतरून अजिंक्यताऱ्याकडे पाहताना ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना आठवते? पुढे इख्लासखान हबशाच्या पुढाकाराने किश्वरखानाची सत्ता गेली आणि ती सुटली. नंतर माहेरी जाऊन १५९५-९६ मध्ये तिने मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविला. १६०० साली ती स्वकीयांच्याच हातून मारली गेली. तिकडे मांतुआतही असेच घडले होते. १५०९ मध्ये तेथील राजा व्हेनिसच्या कैदेत पडला, तेव्हा त्याची राणी इझाबेला देस्ते हिने राज्य सांभाळले. इझाबेला विदुषी होती, ग्रंथ आणि चित्रे यांचा संग्रह करीत होती. आपल्या मुलींना शिकवावे की नाही असा प्रश्न आजही ज्यांना पडतो, त्यांनी या दोघींची चरित्रे अवश्य नजरेखालून घालावीत.

चांदबिबीच्या देखरेखीखाली वाढलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) हा विजापूरचा सर्वांत मोठा कलाप्रेमी राजा. त्याने दख्खनी भाषेत 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा ग्रंथ रचला. त्यातील पदे निरनिराळ्या रागांत बांधलेली आहेत. त्यात सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे, त्याचप्रमाणे गुलबर्ग्याचे सूफी संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांनाही. त्याच्या आवडत्या तंबोऱ्याचे नाव होते मोतीखान! प्रजा त्याला जगद्गुरू म्हणे. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापुरास आला, तेव्हा त्याला आढळले की हा सुलतान फारसी बोलताना अडखळतो, पण मराठी सहज बोलतो. मित्रहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. ज्या मुलाला शाळेत कोणी "तुझी भाषा मराठी कशी?" असे विचारते, त्याने विजापूरच्या तख्तावरील या मराठी बोलणाऱ्या सुलतानाची गोष्ट सांगावी.

त्याच्या दरबारात जगभरचे लोक होते. इतिहासकार फिरिश्ता याने आपला प्रसिद्ध ग्रंथ येथेच लिहिला. इराणचा कवी जुहूरी येथे होता आणि हार्लेम गावचा डच चित्रकार कॉर्नेलिस हेडा हाही होता. १५९९ मध्ये इब्राहिमने नौरसपूर हे नवे शहर वसविण्यास घेतले. ते १६२४ साली मलिक अंबरच्या फौजेने उद्ध्वस्त केले. तिकडे मांतुआच्या दरबारात १६०७ साली माँतेव्हेर्दी या संगीतकाराचे 'ऑर्फेओ' हे संगीतनाटक झाले. एकाच काळात दोन लहान राज्यांतील दोन दरबार सुरांत रमलेले होते. १६२७ साली इब्राहिम वारला आणि त्याच वर्षी मांतुआच्या गोंझागा घराण्याची मुख्य शाखाही संपली.

इब्राहिमनंतर महंमद आदिलशहाच्या काळात गोलघुमट उभा राहिला. त्याच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट आहे. १५९० मध्ये पुरा झालेला रोमच्या सेंट पीटर चर्चचा घुमट त्याहून थोडाच मोठा. दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारात नुस्रतीसारखा कवी दख्खनीत महाकाव्ये लिहीत होता. पण राज्य आतून पोखरले जात होते. १६७२ मध्ये लहानगा सिकंदर गादीवर आला आणि पठाण, हबशी व दख्खनी सरदार कारभारासाठी एकमेकांचे गळे कापू लागले. एका गटाने दुसऱ्याविरुद्ध मोगलांचीही मदत घेतली. शेवटी १६८५ मध्ये औरंगजेबाने वेढा घातला आणि सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले. येथे जिंकणारा व हरणारा दोघेही मुसलमान होते, हे त्या मागच्या बाकावरील मुलाने लक्षात ठेवावे. मांतुआचीही गत अशीच झाली. वारसाच्या भांडणात परकी फौजा आल्या आणि १६३० मध्ये ते शहर लुटले गेले.

आणखी एक साम्य सांगतो. मांतुआच्या घराण्याने कर्जापायी आपली चित्रे इंग्लंडच्या राजाला विकली. ती लंडनला गेली. विजापूरच्या शाही ग्रंथालयातून जे ग्रंथ आसार महालात शिल्लक राहिले होते, ते इंग्रजांनी १८५३ साली लंडनला नेले. ज्यांनी विद्या जमविली त्यांचे वारस ती राखू शकले नाहीत.

मग आपल्याकडे काय राहिले? मुलांनो, तुमच्या पाठीवरचे दप्तर, त्यातील कागद, दौतीतील शाई, गुरुजी घेतात ती हजेरी, फळ्यावरची तारीख, शाळा सोडताना मिळणारा दाखला आणि त्यावरची सही, हे सगळे शब्द सुलतानशाहीच्या काळात फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीच होऊन गेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारात संस्कृत पर्याय आणले. तरीही हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडून गेले नाहीत. लंडनला नेता आली नाही अशी ही विजापूरची दौलत प्रत्येक मराठी घरात आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. बाळा, सुभानमंगळ घेणाऱ्या आदिलशाही तुकडीचा सरदार कोण होता, ठाऊक आहे? त्याचे नाव बाळाजी हैबतराव. फत्तेखानाच्या फौजेत घाटगे होते, फलटणचे नाईक होते. उलट महाराजांकडे पायदळाचा सरनोबत म्हणून नूरबेगाचे नाव येते. पुढे आरमारात दौलतखान, फौजेत सिद्दी हिलाल आणि पत्रव्यवहारास काझी हैदर होते. लोक धन्याच्या मिठाला, वतनाला आणि दिलेल्या शब्दाला जागत होते. धर्म त्यांना प्रिय होता, पण बाजू ठरविताना त्यांनी पाहिले ते दुसरेच. म्हणून "आपण कोणत्या बाजूला होतो?" याचे खरे उत्तर "दोन्ही बाजूंना" असे आहे. तुझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मुलाचेही उत्तर हेच आहे.

पालकहो, मुलांना शक्य झाल्यास एकदा विजापूर दाखवा. २०१४ पासून त्या शहराचे अधिकृत नाव विजयपूर आहे. गोलघुमटाच्या सज्जात मुले आरोळ्या ठोकतात आणि प्रतिध्वनी ऐकून हसतात. त्यांना हसू द्या. नंतर जवळच्या इब्राहिम रोजावर न्या आणि सांगा की, येथे निजलेला राजा तुमच्यासारखेच मराठी बोलत असे. आणि मुलांनो, तुम्ही वर्गात प्रश्न विचारत जा. उत्तर देणारा शिक्षक एखादे दिवशी चुकेल. पण तुमचा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देणार नाही. मला त्याने बसू दिले नाही.